ताई, नंबर तर मशीनच काढतं, मग चार वर्षं शिकायचं काय?

बार्शीहून एका मुलीचं पत्र आलंय, थोडं कमी करून देते:

"ताई, बारावी झाली. फिजिक्स चांगलं आहे, बायोपण आवडतं, पण नीटला एमबीबीएस मिळेल इतका स्कोअर नाही आणि रिपीट करायची माझी तयारी नाही. बी.ऑप्टोमबद्दल, म्हणजे ऑप्टोमेट्री, डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायची डिग्री, तिच्याबद्दल ऐकलं. घरी विषय काढला तर मामा म्हणाले, चष्म्याचं दुकान टाकायला डिग्री कशाला, आता मशीनसमोर हनुवटी टेकवली की नंबर छापून बाहेर येतो. पप्पा काही बोलत नाहीत पण फीचा विचार करतायत हे कळतं. मला रक्त बघून गरगरतं हे अजून कुणाला सांगितलं नाही. आमच्या आजीचं दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी तिला नीट दिसत नाही, मामा म्हणतात वय झालं. तिथं नेमकं काय शिकवतात, दुकानाबाहेर काही आहे का, आणि मी घेऊ का ही डिग्री?"

अगं, तुझ्या मामांचा प्रश्न मला दरवर्षी ॲडमिशनच्या दिवसात कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्यात त्यांची चूक नाही, बाहेरून बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. हनुवटी टेकवली, आत फुगा दिसला, तो धूसर झाला, परत स्पष्ट झाला, कागद बाहेर आला. पण त्या कागदावर असतो तो अंदाज. नंबर काढायला सुरुवात कुठून करायची एवढं तो सांगतो. मी सकाळी ओपीडी करते आणि दुपारी कॉलेजात शिकवते, म्हणून मामांना उत्तर एका पेशंटवरून देते.

आठ वर्षांचा मुलगा होता, डोकं दुखतं, फळ्यावरचं पुसट दिसतं म्हणून आई घेऊन आलेली. मशीनच्या कागदावर दोन्ही डोळ्यांना मायनस सव्वा. तोच कागद घेऊन कुठंही चष्मा बनवून मिळाला असता. आम्ही ड्रॉप टाकून बसवून ठेवलं, बाहुली मोठी झाली, डोळ्यातला फोकस करणारा स्नायू सैल पडला आणि मग बघितलं तर नंबर निघाला प्लस एक. म्हणजे उलट्या बाजूचा! पोरांच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचिक असतं की जवळून मशीनच्या आत डोकावलं की डोळा आपोआप जवळचा फोकस धरतो, आणि मशीनला वाटतं याला मायनस आहे. या मुलाचा तर तो स्नायू एरवीही आवळलेलाच राहत होता. त्याला मायनसचा चष्मा दिला असता तर आधीच दमलेल्या स्नायूवर आणखी ओझं आणि डोकेदुखी तशीच. कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा आणि कुठला बाजूला ठेवून ड्रॉप टाकायचा हे ओळखायला शिकणं, त्यात तुझी चार वर्षं जातात.

आता नेमकं काय शिकवतात ते. बहुतेक ठिकाणी आत्तापर्यंत तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असं चालत आलंय.

पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि जोडीला जिऑमेट्रिकल ऑप्टिक्स. हे ऑप्टिक्स म्हणजे तुझं बारावीचंच, भिंगाचं सूत्र, प्रकाशकिरण, प्रिझम, फक्त आता ते भिंग माणसाच्या डोळ्यात बसलंय. पूर्ण डोळ्याची ताकद साधारण ६० डायऑप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक, चष्म्याचा नंबरही यातच असतो), त्यातली ४३च्या आसपास एकट्या कॉर्नियाची म्हणजे पुढच्या पारदर्शक काचेसारख्या भागाची, आणि डोळ्याची लांबी २४ मिलिमीटरच्या जवळपास. ती लांबी एक मिलिमीटरनं वाढली की अडीच-तीन नंबर मायनस. ज्यांना फिजिक्स नकोसं झालेलं असतं ती मुलं इथं अडखळतात, बायो करायला आलो होतो आणि हे काय म्हणतात. तुला ते आवडतं म्हणतेस तर निम्मी वाट तुझी इथंच सोपी झाली.

रक्ताचं पहिल्याच वर्षात कळेल. बऱ्याच कॉलेजांत बोकडाचा डोळा कापायला देतात. पहिल्यांदा माझेही हात थरथरले होते, पण त्यात रक्त जवळजवळ नसतंच, आत जेलीसारखा पारदर्शक गोळा असतो आणि मधे वाटाण्याहून मोठं भिंग. डोळा ताजा असेल तर ते भिंग काढून छापील कागदावर ठेवायचं, खालची अक्षरं मोठी दिसतात. आणि मागचा पडदा बाजूला केला की खाली निळसर हिरवा चमकणारा थर दिसतो, मोरपिसासारखा. तो माणसाच्या डोळ्यात नसतो, बऱ्याच जनावरांच्या असतो, म्हणून रात्री गाडीच्या उजेडात शेळ्यामेंढ्यांचे डोळे चमकतात. ज्या मुली ओढणी नाकाला लावून वर्गात शिरतात त्याच तासाच्या शेवटी मोबाईलवर फोटो काढत असतात. पुढं ओपीडीत रक्ताशी फारसा संबंध येत नाही, ऑपरेशन डॉक्टर करतात, तुला थिएटरमध्ये उभं राहून बघावं लागेल तेवढंच, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये रक्त जेमतेम थेंबभर. तरी गरगरण्याचं कॉलेजात सरळ सांग, लपवू नकोस.

दुसऱ्या वर्षापासून हातात रेटिनोस्कोप येतो, आणि माझ्या मते ही डिग्री म्हणजे हेच एक उपकरण. खिशातल्या टॉर्चएवढं असतं. अंधाऱ्या खोलीत पेशंटसमोर हातभर अंतरावर, साधारण ६६ सेंटीमीटरवर बसायचं, त्यातून उजेडाची एक उभी पट्टी त्याच्या डोळ्यावर टाकायची आणि हळूच हलवायची. बाहुलीत केशरी लालसर उजेड परत येतो. तो उजेड तुझ्या पट्टीबरोबर सरकला तर प्लसची काच घालायची, उलटा पळाला तर मायनसची, आणि बदलत बदलत एक काच अशी येते की उजेड कुठंच सरकत नाही, सगळी बाहुली एकदम भरून उजळते. त्या काचेतून अंतराचा दीड नंबर वजा केला की झाला नंबर. पेशंटला एक शब्दही विचारायची गरज नाही. सहा महिन्यांचं बाळ असो, बोलू न शकणारं मूल असो, पॅरालिसिस झालेले आजोबा असोत, सगळ्यांचा नंबर असा काढता येतो.

वाचायला सोपं वाटलं ना? मला पहिले तीन आठवडे काहीच दिसत नव्हतं. नुसतं लाल काहीतरी हलतंय. सगळी पोरं आपापसात एकमेकांचे डोळे बघत बसलेली, कुणाचा एक, कुणाचा दोन येतोय, माझा प्रत्येक वेळी वेगळाच, हॉस्टेलवर येऊन रडलेय मी. आमच्या मॅडम म्हणाल्या काच बदलायची घाई करू नकोस, आधी नुसतं बघ. मग एक दिवस मैत्रिणीच्या डोळ्यात ती पट्टी तिरकी झालेली दिसली, माझ्या हातातली सरळ आणि आतली तिरकी, आणि एकदम कळलं की अरे हिला सिलेंडर (सगळ्या दिशांना सारखा नसलेला नंबर) आहे आणि त्याचा ॲक्सिस, म्हणजे दिशा, मला दिसतोय. तो क्षण मी अजून विसरलेले नाही. आता माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे बघते, कुणाला तिसऱ्या आठवड्यात दिसतं कुणाला दुसऱ्या महिन्यात, पण बसून राहिलं की दिसतंच.

त्यानंतर पेशंटशी बोलून नंबर पक्का करायचा. स्नेलननं १८६२ मध्ये नेदरलँड्समध्ये काढलेला अक्षरांचा तक्ता आजही आपण वापरतो, सहा बाय सहा म्हणतात ते तिथूनच आलं, म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला सहा मीटरवरून जी ओळ वाचता यायला हवी ती तुलाही सहा मीटरवरून आली. सहा बाय साठ म्हणजे बाकीच्यांना साठ मीटरवरून दिसणारं अक्षर तुला सहावर यावं लागतंय. आणि मग ते "पहिलं बरं की दुसरं?" हे विचारणं पण शिकावं लागतं गं, खरंच. पेशंट घाबरलेला असतो, उत्तर चुकेल म्हणून, म्हातारी माणसं तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो हो म्हणतात. आवाज कसा ठेवायचा, किती वेळ द्यायचा, शेतात काम करणाऱ्या बाईला वाचायच्या चष्म्याचं विचारताना पुस्तकाऐवजी सुईत दोरा ओवायचं किंवा तांदूळ निवडायचं विचारायचं, हे कुठल्या पेपरात येत नाही पण इंटर्नशिपमध्ये सगळ्यात जास्त हेच शिकून निघशील.

मामा ज्याला दुकान म्हणतात त्याबद्दल पण सांगू दे, कारण हे माझ्या स्वतःच्या डोक्यानं भोगलंय, शब्दशः. अकरावीत मला मायनस पाच होता, नवीन चष्मा बनवला आणि तेव्हापासून कपाळ ठणकायचं. दुकानदार म्हणाला सवय होईल. सहा-सात महिने मी सवय करत होते, अभ्यासाला बसलं की डोळे ओढल्यासारखे, घरच्यांना वाटायचं अभ्यास नको म्हणून नाटकं. पुढं दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये लेन्सोमीटर शिकवला, त्यात चष्मा ठेवून काचेच्या बरोबर केंद्रावर शाईचे ठिपके उमटवायचे असतात. मी बॅगेतला तो जुना चष्मा काढून लावला. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं तर ६८ मिलिमीटर. माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर आहे ६०. म्हणजे प्रत्येक काच चार मिलिमीटर बाहेर बसवलेली. प्रेंटिसचा नियम आदल्या आठवड्यातच झाला होता, केंद्र किती सेंटीमीटर सरकलंय गुणिले नंबर म्हणजे तेवढा प्रिझम, म्हणजे काच उजेडाला तेवढा बाजूला वळवते, ०.४ गुणिले ५, दोन. दोन्ही डोळ्यांचे मिळून चार. सात महिने माझे डोळे दिवसभर बाहेरच्या बाजूला ताणून धरत होते, एकाचे दोन दिसू नयेत म्हणून. नंबर अगदी बरोबर होता बरं का. चूक फक्त एका पट्टीनं न मोजण्याची होती. त्या दिवशी लॅबमध्ये मला राग आला होता त्याहून जास्त वाईट वाटलं, माझ्यासारखी किती पोरं सवय करत बसली असतील. म्हणून दुकान हा शब्द कमीपणानं वापरू नये असं मला मनापासून वाटतं. डिग्री घेऊन कुणी उद्या बार्शीत नीट दुकान टाकलं तर गावाचं भलंच आहे.

तिसऱ्या वर्षाचं सगळं सांगत बसले तर संपायचं नाही, त्यामुळे पटपट सांगते. दोन डोळे एकत्र कसे काम करतात, तिरळेपणा कसा मोजायचा, आळशी डोळ्याला चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून कामाला कसं लावायचं, आणि ते जितक्या लहान वयात होईल तितकं बरं. औषधशास्त्र शिकवतात, पण औषधोपचार आणि ऑपरेशन हे डॉक्टरांचं काम, आपलं काम वेळेत ओळखून पाठवणं. काचबिंदूचंच बघ ना, बहुतेकांना दुखत नाही खुपत नाही, कडेची नजर गुपचूप जाते, आणि माणूस आलेला असतो फक्त चाळिशीचा चष्मा करायला. त्या दहा मिनिटांत तू डोळ्याचं प्रेशर बघितलंस आणि मागची नस बघितलीस तर त्याची उरलेली नजर वाचते.

कॉन्टॅक्ट लेन्सचा पेपर मुलींना फॅशनचा वाटतो आधी. मग केराटोकोनसचा पहिला पेशंट बघतात. विशीतला पोरगा, दर सहा महिन्यांनी सिलेंडर वाढतोय, डोळे सारखे चोळायची सवय, चष्मा कितीही बदलला तरी अक्षरांना सावली. रेटिनोस्कोपमध्ये उजेड कात्रीच्या पात्यांसारखा उघडमीट करताना दिसतो, तेव्हाच शंका येते की कॉर्निया पातळ होऊन पुढं टोकदार होतोय. डॉक्टर क्रॉसलिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा उपाय, करून तो वाढायचा थांबवतात, पण दिसण्यासाठी त्याला कडक लेन्स बसवून द्यावी लागते आणि ती बसवणं हे ऑप्टोमेट्रिस्टचं काम, चार-चार ट्रायल लेन्स घालून बघायच्या, पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात ती कुठं टेकते कुठं उचलली जाते ते बघायचं. ती लेन्स बसल्यावर पोरगं समोरच्या तक्त्यावर शेवटच्या ओळी वाचतं ना, तेव्हा खोलीत सगळेच गप्प होतात. लो व्हिजनचं, म्हणजे चष्म्यानंही पुरेशी न सुधारणाऱ्या नजरेचं, पण असंच, पडदा खराब झालाय, ऑपरेशननं काही होणार नाही असं सांगून घरी पाठवलेल्या आजोबांना योग्य भिंग आणि योग्य दिवा देऊन हरिपाठाची पानं परत वाचता येतात.

चौथं वर्ष इंटर्नशिप, दिवसभर पेशंट. इथं ए-स्कॅन शिकशील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजतात तो. डॉक्टर आत कितीही सफाईनं ऑपरेशन करोत, कितीची लेन्स बसवायची ते या मापावरून ठरतं. जुनं एक सूत्र आहे एसआरके म्हणून, लेन्सची ताकद म्हणजे तिचा ठरलेला स्थिरांक वजा अडीच गुणिले डोळ्याची लांबी वजा ०.९ गुणिले कॉर्नियाची ताकद. आता त्याहून अचूक सूत्रं वापरतात, पण यावरून लक्षात येईल, लांबी मोजताना प्रोब (डोळ्याला टेकवायचं टोक) जोरात दाबला गेला आणि अर्धा मिलिमीटर कमी आलं तरी पेशंटला सव्वा नंबरचा फरक पडतो, तोही कायमचा. माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणते प्रोब डोळ्याला नुसता टेकवा, फुलावर फुलपाखरू बसतं तसा.

पप्पांच्या फीच्या काळजीबद्दल. कॉलेज बघताना इमारत बघू नका, ओपीडी बघा. रोज किती पेशंट येतात, एका स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायचं मशीन) किती मुलं असतात, इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलमध्ये आणि तिथं मुलांना स्वतः तपासू देतात की नुसतं नाव लिहायला बसवतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना गेटबाहेर गाठून विचारा, ती खरं सांगतात. घरबसल्या डिग्री देतो म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, रेटिनोस्कोपी पोस्टानं येत नाही. आपल्याकडं पुण्यात भारती विद्यापीठाचं कॉलेज आहे, मुंबईत लोटस आहे, चेन्नईला शंकर नेत्रालयाचं एलिट स्कूल तर १९८५ पासून चालू आहे, इतरही आहेत. २०२१ मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा केंद्राचा कायदा आला, त्यात ऑप्टोमेट्रीचा समावेश आहे, त्यामुळे अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे नियम बदलतायत. ज्या वर्षी फॉर्म भरशील त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाच, नीटचं मार्कलिस्ट जपून ठेव, ओळखीतल्या सीनियरचं तीन वर्षांपूर्वीचं ऐकून चालू नकोस.

पैशाचं खरं सांगते, सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. डोळ्यांची हॉस्पिटलं, मोठी ऑप्टिकल्स, लेन्सच्या कंपन्या, शाळा तपासणी, शिकवणं, सगळीकडं कामं आहेत, दोन वर्षांचं एम.ऑप्टोम केलं की वाटा वाढतात, पण पहिल्या दोन वर्षांत घरी फार पाठवता येईल असं धरून लोन काढू नका. परदेशाचं कुणी गाजर दाखवलं तर एवढं लक्षात ठेव की तिथं काम करायला तिथली वेगळी नोंदणी लागते आणि त्यासाठी पुढं परीक्षा किंवा शिक्षण करावं लागतं. आणि नावापुढं डॉक्टर लागणार नाही, त्याची खंत आयुष्यभर राहणार असेल तर आत्ताच विचार कर, कारण अशी खंत घेऊन आलेली मुलं मी पाहिलीत, ती पेशंटकडं बघतच नाहीत.

तुझं पत्र वाचून मला वाटतं की तू ही डिग्री घ्यावीस. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नकोस, आधी एक काम कर.

आजीला बसव, भिंतीवरचं कॅलेंडर समोर लाव. जाड कागदाला सुईनं एक बारीक भोक पाड. एक डोळा हातानं झाकून ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं तिला आधी तसंच बघू दे, मग त्या भोकातून. भोकातून तारखा जास्त स्पष्ट दिसल्या तर बहुतेक उरलेल्या नंबराचं काम आहे, चष्म्यानं सुधारेल. काहीच फरक पडला नाही तर आत काहीतरी दुसरं असू शकतं, लेन्सच्या मागचा पातळ पडदा धुरकट होतो कधी कधी, किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, रेटिनाचा, त्रास असतो, ते डॉक्टरांनीच बघायला हवं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी तिला घेऊन सोलापूरला एखाद्या डोळ्याच्या हॉस्पिटलमध्ये जा, ऑपरेशनला दोन महिने झालेत म्हणजे नंबर आता स्थिरावला असेल, आणि नुसतं वय झालं म्हणून सोडून देऊ नका. तिथं नंबर काढणाऱ्या ताईंना किंवा दादांना विचार, मी बाजूला उभी राहून बघू का. बहुतेक जण हो म्हणतात. मामांनाही ने बरोबर. आणि भोकातून आजीला कुठली तारीख वाचता आली ते मला लिहून कळव.